बोटावर बोट

१

सकाळी दुकान उघडलं की माझं पहिलं काम ठरलेलं. दुरुस्तीला आलेली एखादी पेटी समोर ओढायची, भाता मारायचा, एक पट्टी दाबायची आणि पेटीच्या लाकडावर हनुवटी टेकवून डोळे मिटायचे. येणारे-जाणारे पाहतात. म्हणतात, भैय्याजींची समाधी लागली. देवळीच्या बाजारात माझ्या कानाचं मोठं नाव आहे.

मला ऐकू येत नाही.

अगदीच येत नाही असंही नाही. समोर तोंड करून कोणी बोललं तर कळतं. बसचा भोंगा कळतो. पण सुराचं जे बारीक टोक असतं, ज्यावर पेटीवाल्याचं पोट, ते गेलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात एकटाच जाऊन दाखवलं होतं. डॉक्टरबाई भली होती. मोठ्यानं म्हणाली, "बाबाजी, वय झालं. कानाची नस सुकली. मशीन लावा. अन् रिकाम्या कानात कधीकधी आपोआप आवाज येते, त्याले भेऊ नका." मी मशीन लावली नाही. बहिऱ्याच्या हाती पेटी कोण देईल?

मग एक युक्ती सापडली. एका पट्टीखाली सुराच्या दोन पितळी पात्या असतात. त्या एकमेकींशी जुळल्या नसल्या की लाकूड थरथरतं, आणि ती थरथर जबड्याच्या हाडात उतरते. पाती हळूहळू घासत जायची. थरथर थांबली की सूर जुळला. म्हणजे मी सूर ऐकत नाही, चावतो म्हणा. घरी सून आहे, हर्षा. तिलाही हे ठाऊक नाही. ती जेवायला हाका मारून थकते आणि शेजारणीला सांगते, मामाजी आताशा लई हट्टी झाले.

शाळा मी बाहेरूनच पाहिली. अक्षरं ओळखतो ती भजनाच्या पुस्तकांवरून. हे सावकाश लिहितो आहे, वाचणाऱ्यानंही सावकाश घ्यावं.

२

उन्हाळा लागता लागता वर्ध्याहून नमिता आली. तहसील कचेरीतून रिटायर झालेले अच्युतराव, त्यांची ही मुलगी. पुण्याची नोकरी सोडून बापाजवळ राहायला आली होती आणि घरीच एक वाद्य बनवत होती. त्याचं नाव सिंथेसायझर. माझ्या तोंडी ते बसलं नाही, मी त्यालाही पेटीच म्हणत आलो.

"भैय्याजी, मले लाकडाच्या पट्ट्या पाहिजे. प्लास्टिकच्या नको. बोटाले कळल्या पाहिजे."

"करून देतो. भाता केवढा?"

"भाता नाई."

"अन् पात्या?"

"त्या बी नाई. विजेनंच सूर निघते."

"मंग माह्याकडे काऊन आली बेटा? वायरमनकडे जा ना."

ती हसली. स्टूल ओढून समोर बसली आणि तिनं मला समजेल अशा शब्दांत सांगितलं. "असं समजा, आत सहा गाणारे बसले आहे. एका गाणाऱ्याले एका वेळी एकच सूर घेता येते. तुम्ही पट्टी दाबली का मधातला बोर्ड पाह्यते, कोणती पट्टी, किती जोरानं दाबली. अन् जो मोकळा असन त्याले सांगते, हा सूर तू घे. पट्टी सोडली का तो मोकळा. मी तो मधातला बोर्ड बनवून राह्यली. बोट अन् गाणारा, यांच्या मधातला."

"म्हणजे मंडळाचा बुवा."

"हाव, बुवाच."

"अन् सहाही जणं गाऊन राह्यले, अन् सातवं बोट पडलं तं?"

"तं सगळ्यात आधीपासून जो गाऊन राह्यला, त्याले उठवायचं अन् नवा सूर द्यायचा. सगळीकडे असंच करते."

मला ते पटलं नाही. सगळ्यांत आधीपासून गाणारा म्हणजे कोण? तोच तर खालचा सूर धरून बसलेला असतो. त्यालाच उठवलं तर बाकीच्यांनी उभं कशावर राहायचं?

मी तिला माझ्या गावच्या, आंजीच्या सप्ताहाची रीत सांगितली. सात दिवस पेटीचा खालचा सा तुटू द्यायचा नाही. एक जण भाता मारतो, दुसरा त्या पट्टीवर बोट ठेवून बसतो. त्याची पाळी संपली की तो आपला आपण उठत नाही. पुढच्या पाळीचा माणूस येतो. पहिला थोडा सरकून त्याला सतरंजीवर जागा करून देतो. नवा माणूस टेकतो आणि पहिल्याच्या बोटावर आपलं बोट ठेवतो. वरच्याचं वजन नीट आलं, की खालच्यानं आपलं बोट हळूच काढून घ्यायचं. बोटावर बोट आल्याशिवाय उठायचं नाही. पुढचा आलाच नाही, कुठं झोपी गेला, तरी बसून राहायचं. सूर धरणाऱ्याला उठवणं पाप, आणि त्याला विसरून जाणं त्याहून मोठं.

नमिताचे डोळे चमकले. "भैय्याजी, हे तं कोणाच्याच पेटीत नाई!"

तिनं खरंच तसं केलं. प्रत्येक पट्टीखाली बोटाचं वजन ओळखणारी एक पातळ चकती बसवली. डाव्या हाताला एक खुंटी दिली. खुंटी ओढून जी पट्टी दाबाल तो सूर धरला गेला. मग बाकीची कितीही बोटं पडोत, त्या गाणाऱ्याला कोणी उठवायचं नाही. त्याच पट्टीवर दुसरं वजन येऊन टिकलं तरच पहिला सुटणार.

"ही खुंटी तुमच्या नावाची," ती म्हणाली. "अन् सूर तपासाले तुम्हीच लागसान. हे सहाही जणं गरमीनं घसरते, कोणी वर, कोणी खाली. तुमच्यासारखा कान मले कुठं मिळन?"

तेव्हाच सांगायचं होतं. मी म्हणालो, "येतो ना बेटा."

३

देवळीहून सकाळची बस धरायची, वर्ध्याला उतरून रामनगरापर्यंत चालत जायचं. त्यांच्या घराची मागची खोली तिनं कामाला घेतली होती. खिडकीत कूलर, टेबलावर तारांचा गुंता, भिंतीशी लाकडी खोक्याचा स्पीकर. आणि मधोमध ती पेटी, माझ्या सागवानी पट्ट्या लावलेली. वर सहा लाल बल्ब, मुगाच्या दाण्याएवढे. गाणारा कामाला लागला की त्याचा बल्ब पेटायचा.

ती दोन गाणाऱ्यांना एकच सूर द्यायची आणि मी स्पीकरच्या खोक्यावर हनुवटी टेकवायचो. थरथर लागली की म्हणायचो, "दुसरा चढला. उतरव. अजून. बस." ती पेचकसानं एक बारीक पेच फिरवायची. तिला वाटायचं मी लीन होऊन ऐकतो आहे. एकदा तिनं माझा तसा फोटोही काढला. पुण्याचा साकेत नावाचा कोणी वाद्यांचा व्यापारी जूनमध्ये पेटी पाहायला येणार होता, त्याला पाठवायला.

अच्युतराव दारात खुर्ची टाकून बसायचे. कानाला मशीन. त्याची त्यांना लाज तर नव्हतीच, उलट कौतुक होतं.

"भैय्याजी, मी तं ठार बहिरा. पाव्हणे आले का मशीन काढून खिशात ठेवतो. मंग म्हणतो, बोला बाप्पा काय बोलाचं ते!"

"बाबा, माह्यासोबतही तसंच करता तुम्ही," नमिता टेबलाखालून म्हणायची.

"तुह्यासोबत नाई करत. तू बोलतेच कुठं? तारांसोबत बोलते." मग माझ्याकडे वळून, "तुमचा कान अन् माहा कान एकाच देवानं बनवला म्हणून कोणी म्हणन का?"

मी हसायचो. हसताना मान खाली घालायचो.

तेही मूळचे आंजीचे. पोरसवदा असताना सप्ताहात त्यांनी सूर धरला होता. म्हणायचे, "पहाटेची पाळी मलेच देत. कारण मी झोपत नव्हतो." असं म्हणताना त्यांचं उजवं बोट खुर्चीच्या हातावर टेकलेलं असायचं.

४

एक दिवस पोचलो तर सहावा बल्ब पेटलेला. पट्टीला कोणाचा हात नाही. खुंटी बाहेर ओढलेली.

"मी नाई ओढली," नमिता म्हणाली. "तुम्ही काल जाताना?"

मी तर हातही लावला नव्हता. तिनं खुंटी आत ढकलली. बल्ब तसाच. ते बरोबरच होतं म्हणा, तिनंच तसं बनवलं होतं, दुसरं बोट आल्याशिवाय पहिला सुटत नाही. लॅपटॉपवर तिला दिसत होतं, खालचा सा. तिनं त्या पट्टीवर टिचकी मारल्यासारखं बोट टेकवलं आणि उचललं. बल्ब विझला नाही. ती पडद्याकडे पाहत राहिली.

"हे पाहा ना, गंमत. माहं बोट पडलं तशी खालचं वजन कमी व्हाले लागलं. मी बोट उचललं, तं परत आलं."

उठायला टेकलेला माणूस परत खाली बसावा, तसं. हे मी मनात म्हणालो. ती म्हणाली, "चकती लटकली वाटते."

तिनं चकती बदलली. सहाव्या गाणाऱ्याचं कार्ड काढून दुसरं घातलं. पेटी बंद करून चालू केली. चालू केली की बल्ब पेटायचाच. मी पट्ट्यांवर लोखंडी स्केल आडवं ठेवून पाहिलं. बाकी सगळ्या एका पातळीत होत्या, आणि खालचा सा केसभर खाली. स्प्रिंग बदलली. तरी केसभर खाली.

"पण सूर तं काहीच नाई," ती म्हणाली. "स्पीकरमधून काहीच येत नाई. तुम्ही पाहा बरं एक डाव."

मी हनुवटी टेकवली. खोकं थंड, गप्प. थरथर नाही. आणि डोकं वर उचललं तेव्हा मला ऐकू आलं.

कानानं. हाडानं नाही. कित्येक वर्षांत असं काही ऐकलं नव्हतं. माणसानं तोंड मिटून खालचा सा धरावा तसा सूर. रेघेसारखा, जराही न हलणारा, फक्त थकलेला. खोटं कशाला सांगू, मला आधी आनंद झाला. वाटलं, कान परत आले. मग पाहिलं तर कूलरचा पंखा फिरत होता आणि त्याचा आवाज मला येत नव्हता. नमिता काही बोलत होती, तेही नीट नाही. फक्त तो सूर.

मग अक्कल चालवली. तरण्या कानाची मुलगी समोर बसली आहे, तिला येत नाही, आणि मला येतो. म्हणजे हा डॉक्टरबाई म्हणाली तो रिकाम्या कानाचा आवाज. आणि तसं असेल तर ते तोंडानं सांगणं म्हणजे आपला बहिरेपणा आपणच सांगणं. फोटो पुण्याला जाऊन पोचला होता.

"भैय्याजी? येते का काही?"

"नाई बेटा. काईच नाई."

"मंग फक्त बल्बचीच खराबी," ती म्हणाली, आणि तिनं त्या बल्बावर काळी चिकटपट्टी लावून टाकली.

५

दोन-चार दिवसांनी असेल. दुपारचा चहा चालला होता. अच्युतरावांच्या मशीनची बॅटरी संपली, त्यांनी ती कानातून काढून मांडीवर ठेवली. बशी अर्धी तोंडाशी नेलेली, आणि ते थांबले. पेटीकडे पाहिलं.

"हा खालचा सा कोण धरून बसलं बे?"

मी कप खाली ठेवला.

नमिता त्यांच्याजवळ गेली, तोंड कानाशी नेऊन म्हणाली, "बाबा, पेटी बंद आहे."

"बंद कायची? चांगला सूर चालू आहे. मशीन काढली तं येऊन राह्यला." त्यांनी मशीन कानाला नेली, परत काढली. "मशीन लावली का जाते. गंमतच आहे."

"कान वाजतो तुमचा."

"अवं माहा कान मले माहीत नाई का? माहा कान शिट्टीसारखा वाजते. हा माणसाचा सूर आहे." आणि मग ते माझ्याकडे वळले. अगदी भरवशानं. "विचार ना भैय्याजीले. भैय्याजी, सांगा हिले."

दोघंही माझ्याकडे पाहत होती. सूर खोलीभर होता. मी 'हो' म्हणालो असतो तर एवढंच झालं असतं, की नमितानं विचारलं असतं, मग मला का येत नाही? आणि त्याला उत्तर एकच होतं. हा सूर बहिऱ्यांना येतो.

"नाई अच्युतराव," मी म्हणालो. "मले तं काई येत नाई."

त्यांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. रागानं नाही. आंजीत पहाटे पुढच्या पाळीचा माणूस येत नसला की सूर धरणारा असंच पाहायचा, दाराकडे. नमिता त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "पाह्यलं ना? भैय्याजींच्या कानाच्या पुढं कोणाचा कान जाते का?"

त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकवून गेलो. सूर मागं राहिला होता, रामनगरातच. म्हणजे तो माझ्या कानातला नव्हता. कानातला असता तर माझ्यासोबत बसमध्ये आला असता. देवळी येईपर्यंत मला हे दुसऱ्या कोणत्याही रीतीनं समजावता आलं नाही.

६

मे महिन्यात वीज गेली. दुपारची वेळ, बाहेर धुपकाळ्याचं ऊन पेटलेलं. नमिता कूलरमध्ये टाकायला बर्फ आणायला गेली होती. पंखा फिरत फिरत थांबला. लॅपटॉप तिनं आधीच बंद केला होता. पेटीत वीज नाही, चिकटपट्टीखाली उजेड नाही.

सूर होता.

मी उठलो आणि पेटीपाशी गेलो. खालचा सा केसभर खाली. आपलं कामच असं की पट्टी खाली राहिली की हात आपोआप जातो. मी अंगठ्याचं नख पट्टीच्या टोकाखाली घातलं आणि वर उचलून पाहिलं.

पेटीवाल्याला दोन प्रकारचा अटकाव ओळखू येतो. स्प्रिंग अडकली, लाकूड फुगलं, तर पट्टी ठोकळ्यासारखी अडते. आणि दुसरा म्हणजे कोणी वरून बोट ठेवलेलं असताना आपण खालून पट्टी उचलतो तो. बोट जरासं उचललं जातं, मग परत खाली दाबतं. मऊ असतं. आणि नीट हात ठेवला तर त्यात नाडी लागते.

मला नाडी लागली. फार सावकाश चालणारी.

मी नख काढून घेतलं. पट्टी जागची होती तिथं गेली.

दारात अच्युतराव उभे होते. मशीन कानात नव्हती. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"थकला असन तो," ते हलक्या आवाजात म्हणाले. मला शब्द ऐकू आले नाहीत, ओठांवरून कळले. "केव्हाचा बसला असन, कोणाले माहीत. त्याची पाळी घ्याले कोणी आलंच नाई."

मी म्हणालो, "कोण? इथं कोणी नाई." बोलायला नको होतं, पण तोंडातून तेच निघालं. सवय लागली होती.

ते माझ्या अगदी जवळ आले. माझ्या हनुवटीकडे पाहिलं. खोक्यावर टेकवून टेकवून तिथं एक घट्टा पडला आहे. त्यावर त्यांनी हळूच बोट लावलं.

"भैय्याजी, तुम्ही बी माह्यासारखेच ना?"

बर्फ घेऊन नमिता फाटकातून आत येत होती. तिला पाहिलं आणि मी मान हलवली. आडवी.

७

रात्री ठरवलं, उद्या नमिताला सांगायचं. कान गेल्याचं, सुराचं, नाडीचं, सगळं. तिनं ती खुंटी काढून टाकावी, पट्ट्या काढून माझ्या पोत्यात भराव्या. सकाळी हर्षानं डबा दिला. रस्ताभर मी वाक्यं जुळवत गेलो. कसं सुरू करावं? 'बेटा, रागवू नको' असं, की 'बेटा, एक सांगायचं राहिलं' असं? वर्ध्याला उतरल्यावर ऊन इतकं होतं की एका पानठेल्याच्या सावलीत थांबलो. नुसताच थांबलो. तहान नव्हती, घाई नव्हती. लाज होती.

घरी पोचलो तेव्हा नमिता स्वयंपाकघरात होती. कुकरच्या शिट्टीसारखं काहीतरी दूरवर वाजलं. मी मागच्या खोलीकडे गेलो.

अच्युतराव पेटीसमोर बसले होते. खुर्चीवर नाही. त्यांनी पेटी टेबलावरून खाली घेतली होती, सतरंजी अंथरली होती आणि मांडी घालून बसले होते. अंगात धुतलेला सदरा. मशीन बाजूला. ते सतरंजीच्या मधोमध बसले नव्हते, एका कडेला बसले होते. शेजारी माणूसभर जागा मोकळी होती.

मोकळी होती म्हणतो, पण तिथं सतरंजी दबलेली होती.

त्यांचं उजवं बोट पट्टीच्या वर होतं. अजून टेकलं नव्हतं. त्यांनी दाराकडे मान फिरवली आणि मला पाहिलं. ते थांबले. माझी खात्री आहे, ते माझ्यासाठी थांबले. मला एकच शब्द बोलायचा होता. 'नका.' मोठ्यानं बोललो असतो तर नमिता धावत आली असती, काय झालं विचारलं असतं, आणि मला सांगावं लागलं असतं.

मी उंबऱ्यात उभा राहिलो. डब्याची पिशवी हातात होती.

त्यांनी बोट ठेवलं. घाई नाही, टिचकी नाही. रीतीनं, आधी स्पर्श, मग वजन. सूर क्षणभर जाड झाला, दोघांनी मिळून धरल्यासारखा. मग त्यातला एक बाजूला झाला. कोणीतरी श्वास सोडला. इतका लांब श्वास मी माणसाचा ऐकलेला नाही. शेजारची दबलेली सतरंजी हळूहळू वर आली, एका गुडघ्याकडून आधी, मग दुसऱ्या.

माझ्या बाजूनं काहीतरी गेलं. दार अरुंद आहे, मला अंग चोरावं लागलं. मी अंग चोरलं, एवढंच सांगतो. पाहिलं नाही.

नमिता मागून आली. मी काही ऐकलं नाही, तिचा धक्का लागला तेव्हा कळलं. "बाबा!" ती ओरडली असेल, कारण तिचं तोंड तसं झालं होतं.

८

डॉक्टर म्हणाले, मेंदूला झटका आला. उन्हाळा, वय, रक्तदाब. ते खरंच असेल. मी शिकलेला नाही.

आता अच्युतराव समोरच्या खोलीत पलंगावर असतात. डोळे उघडे. चमच्यानं दिलं तर गिळतात. बोलत नाहीत. उजव्या हाताचं पहिलं बोट गादीवर टेकलेलं असतं, दाबून. त्यांचं करायला येणारी छायाबाई ते उचलून सरळ करते, चादर बदलते, आणि पाठ फिरली की बोट परत तिथंच. गादीत खड्डा पडला आहे. कापूस भरला, परत पडला.

नमितानं पेटी खोलली. साकेतला येऊ नका म्हणून कळवलं. पट्ट्या पोत्यात भरून मला परत दिल्या. खालच्या साची पट्टी मी दुकानात हातात घेऊन पाहिली. नुसतं लाकूड होतं, हलकं. तिच्यात आता काही नाही. सूर पलंगाजवळ आहे. मी त्या घराच्या फाटकातून आत शिरलो की येतो. तोंड मिटून धरलेला खालचा सा. आवाज आता अच्युतरावांचा आहे. ते पहाटेच्या पाळीचे, ते झोपणार नाहीत.

जूनमध्ये एकदा मी बसलो होतो तेव्हा नमिता समोर येऊन खाली बसली. डोळे सुजलेले. माझ्याकडे नीट तोंड करून, सावकाश बोलली. तिला संशय आला असेल, नसेलही.

"भैय्याजी, एक विचारू? खरं सांगजा. बाबा म्हणत होते ना, सूर येते म्हणून. मी त्याहिले हसली. तुम्हाले कधी आलता का? एक डाव तरी?"

तिला काय पाहिजे होतं ते मला कळत होतं. बाप वेडा नव्हता, एवढंच कोणी सांगावं. बाकी काही नको होतं तिला. सूर चालूच होता. अच्युतरावांचे डोळे माझ्याकडे वळले.

"नाई बेटा," मी म्हणालो.

तिनं मान हलवली, पदर डोळ्यांना लावला आणि चहा ठेवायला गेली.

तरी मी जातो. बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून जातो. पलंगाच्या कडेवर बसतो आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवतो. काय करायचं ते मला ठाऊक आहे. या घरात, कदाचित या जिल्ह्यात, आता ते मला एकट्यालाच ठाऊक आहे. बोटावर बोट ठेवायचं. आधी स्पर्श, मग वजन. त्यांचं बोट सुटेल. हात मांडीखाली बधिर होतात, मुंग्या येतात. मी ते काढत नाही.

परवा नमिता खुशीत होती. म्हणाली, डॉक्टरांनाही नवल वाटलं, पण तिनं स्वतः पाहिलं आहे. दुसरं कोणी आलं तर ते दगडासारखे पडून असतात. मी येऊन बसलो, की ते थोडे सरकतात. एका कडेला.

"तुम्ही आले का बाबा हालते, भैय्याजी. तुम्हाले ओळखते. रोज येत जा ना."

मी पाहिलं. पलंगावर, त्यांच्या शेजारी, माणूसभर जागा झाली होती.

"येतो ना बेटा," मी म्हणालो.